नोनोग्राममध्ये अंदाज लावावाच लागतो? अजिबात नाही!

चौकटीच्या कडेचे आकडे पाहून घरं भरायची आणि लपलेलं चित्र उघडायचं, तो कोड्याचा खेळ नोनोग्राम आता बेळगाव-खानापूर बसमध्येही पोरांच्या मोबाइलवर दिसतो. सोबत एक समजही फिरतो: ‘पहिली दोन-चार घरं अंदाजानंच भरायची, त्याशिवाय सुटत नाही.’ हे साफ चूक आहे.

समजा, दहा घरांची ओळ आहे आणि आकडा 7, म्हणजे सलग सात घरं भरायची. सात घरांची पट्टी डावीकडे टेकवा: 1 ते 7. उजवीकडे टेकवा: 4 ते 10. चौथं ते सातवं घर दोन्ही वेळा भरलेलंच! ती चार बिनधास्त भरा. आकडे 3 आणि 4 असले (दोन पट्ट्यांमध्ये किमान एक घर रिकामं) तरी हीच रीत: तिसरं, सातवं, आठवं घर पक्कं. मग त्या घरांच्या उभ्या ओळी बघा. रिकाम्या ठरलेल्या घरावर फुली मारत चला. पुष्कळदा वाट फुल्यांमुळेच सापडते.

अंदाज चुकला तरी लगेच कळत नाही, ही खरी अडचण. चूक आडव्यातून उभ्यात पसरते.

1987 च्या सुमारास जपानमध्ये नॉन इशिदा आणि तेत्सुया निशिओ यांनी ही कोडी स्वतंत्रपणे रचली. चांगल्या कोड्याला उत्तर एकच असतं. दोन निघाली तर दोष रचणाऱ्याचा. अगदीच अडलात, तर ‘हे घर भरलं तर?’ असं मनात तपासा. आकड्यांशी विसंगती आली, की तिथं फुली. हा अंदाज नव्हे, तर्कच आहे.