हेडलाइटचे पुनरुज्जीवन

मोटारीच्या हेडलाइटचे पिवळट, धुरकट झालेले दर्शनी आवरण घासून पुन्हा पारदर्शक करणे आणि त्यावर नवा संरक्षक थर चढवणे, या प्रक्रियेला हेडलाइटचे पुनरुज्जीवन म्हणतात. बोलताना या आवरणाला ‘काच’ म्हटले जात असले, तरी आजच्या बहुतेक मोटारींत ते पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकचे असते. अमेरिकेत १९८३ मध्ये बल्ब बदलता येणाऱ्या हेडलाइटना परवानगी मिळाली आणि तेथील ठरावीक आकाराच्या सीलबंद काचेच्या दिव्यांची जागा हळूहळू प्लास्टिकच्या आवरणांनी घेतली.

पॉलिकार्बोनेट हलके असते, हवा तो आकार घेते आणि उडालेल्या खड्याने सहसा फुटत नाही. मात्र त्याचा पृष्ठभाग मऊ असल्याने त्यावर चटकन ओरखडे उठतात, आणि उन्हातील अतिनील किरणांमुळे त्याच्या रेणूंची मोडतोड होऊन पिवळसर संयुगे तयार होतात. म्हणूनच कारखान्यात त्यावर अतिनील किरण अडवणारा कठीण, पातळ थर दिलेला असतो. ऊन आणि वाळूचे कण यांच्या माऱ्याने हा थर झिजतो, त्यावर बारीक तडे जातात, आणि मग खालचे प्लास्टिक उघडे पडते. धुरकट आवरणातून प्रकाश कमी तर येतोच, शिवाय तो विखुरतो. त्यामुळे रस्ता अंधुक दिसतो आणि समोरून येणाऱ्या चालकाचे डोळे मात्र दिपतात. अशा वेळी जास्त शक्तीचा बल्ब बसवणे हा उपाय नव्हे, कारण त्याने विखुरणारा प्रकाशही वाढतो.

दुरुस्तीत प्रथम हेडलाइट धुऊन भोवतालच्या रंगावर चिकटपट्टी लावतात. त्यानंतर पाणी मारत ८०० किंवा १००० नंबरच्या वॉटर पेपरने (ओला करून वापरायच्या घासकागदाने) जुना थर पूर्ण निघेपर्यंत घासतात. अर्धवट राहिलेला थर पुढे डागांच्या रूपाने दिसतो, त्यामुळे इथे घाई करू नये. पुढे १५००, २००० आणि ३००० असे अधिकाधिक बारीक पेपर वापरून आधीच्या पेपरचे ओरखडे घालवतात आणि शेवटी पॉलिश करतात. पॉलिशच्या यंत्राची चकती एकाच जागी टेकवून ठेवल्यास उष्णतेने प्लास्टिक खराब होते.

टूथपेस्टमधील बारीक कणांनीही चकाकी येते, पण ती टिकत नाही. डास पळवणाऱ्या काही द्रवांतील डीईईटी हे रसायन तर प्लास्टिकचा पृष्ठभागच विरघळवते. थिनर आणि ॲसिटोनही टाळावेत. नुसत्या पॉलिशला पुनरुज्जीवन म्हणणे योग्य नाही, कारण संरक्षण गमावलेले प्लास्टिक आता पूर्वीपेक्षा लवकर पिवळे पडते. त्यासाठी पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून त्यावर अतिनीलरोधक क्लिअर कोट (पारदर्शक लेप) फवारतात किंवा पारदर्शक फिल्म चिकटवतात. हार्डनर (लेप कडक करणारे द्रव्य) मिसळायचे दोन घटकांचे क्लिअर कोट अधिक टिकतात, परंतु त्यांतील आयसोसायनेट हे रसायन श्वसनमार्गाला घातक असल्याने ते योग्य रेस्पिरेटरशिवाय (हवा गाळणाऱ्या मुखवट्याशिवाय) फवारू नयेत. मेण किंवा सीलंट लावल्यास ते वारंवार लावावे लागते. मोटार सावलीत उभी केल्याने आवरणाचे आयुष्य निश्चितच वाढते.

बाहेरून घासून आतल्या बाजूचे बाष्प, आतील धुरकटपणा किंवा प्लास्टिकमध्ये खोल गेलेले तडे दूर होत नाहीत. आतील परावर्तक काळवंडला असेल, तर सहसा संपूर्ण हेडलाइटच बदलावा लागतो.