ग्रीसची नाट्यगृहं : कोणता दगड कोणत्या काळातला?

(आमच्यासोबत ग्रीसला येणाऱ्या प्रवाशांसाठी)

अथेन्समधल्या अक्रोपोलिस टेकडीच्या दक्षिण उतारावर दोन नाट्यगृहं आहेत. कमानींची उंच भिंत दिसली की कॅमेरे तिकडे वळतात आणि प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीसची नाटकं इथंच झाली, असा समज होऊन बसतो. ते हेरोडीस आटिकसचं ओडियन (संगीतगृह), इ.स. दुसऱ्या शतकातलं, रोमन अमलातलं. तोवर सोफोक्लीसला जाऊन साडेपाचशे वर्षं उलटली होती.

सोफोक्लीसची जागा पूर्वेला, मद्यदेव डायोनायससच्या नाट्यगृहात. पण तिथल्या दगडी बैठकाही त्याने पाहिलेल्या नाहीत, त्या इ.स.पू. ३३० च्या आसपासच्या. इ.स.पू. पाचव्या शतकात, म्हणजे अभिजात काळात, प्रेक्षक लाकडी फळ्यांवर बसत. नाटककार एस्किलसने दुसरा नट आणला, सोफोक्लीसने तिसरा. कोरस, म्हणजे गाणारा-नाचणारा समूह, १२ जणांचा होता तो १५ जणांचा झाला. सगळ्या भूमिका तिघांतच, म्हणून मुखवटे फार कामाचे. ते बदलायला आडोसा हवा, तो म्हणजे मागची ‘स्कीनी’. मूळ अर्थ तंबू. आपल्या तोंडातला ‘सीन’ तिथूनच आला.

अलेक्झांडरनंतरच्या हेलेनिस्टिक काळात नाटककार मेनँडरची घरगुती सुखात्मिका आली. कोरस कथेबाहेर पडून अंकांमधल्या गाण्यानाचापुरता उरला आणि नट ३-४ मीटर उंच रंगमंचावर चढले.

काळ ओळखायचा तर आधी खाली, ऑर्केस्ट्राकडे पाहा. हा वाद्यवृंद नव्हे, कोरसची नाचायची जागा. डायोनायससच्या नाट्यगृहात ती आज अर्धवर्तुळ दिसते, कडेने संगमरवरी कठडा आहे: दोन्ही रोमन काळातले बदल, कठडा झुंजींच्या खेळांसाठी. पहिल्या रांगेच्या मधोमध डायोनायससच्या पुजाऱ्याचं कोरीव आसन आहे, ते चुकवू नका.

पूर्ण वर्तुळ पाहायचं तर एपिडॉरसचं नाट्यगृह. इ.स.पू. चौथ्या शतकाच्या अखेरचं, वर्तुळाचा व्यास सुमारे २० मीटर, खाली ३४ आणि वर २१ रांगा. मधल्या गोल दगडावर एकाने कागद फाडावा, बाकीच्यांनी वर जाऊन ऐकावं. गर्दीत हा प्रयोग फसतो, कारण आसपासची कुजबुजही तितकीच स्पष्ट ऐकू येते. म्हणून सकाळी दार उघडताच आत जा. टोपी आणि पाणी घ्या, सावली जवळजवळ नाही. टाचांच्या चपला हॉटेलवरच ठेवा: दगडाला चरे पडतात म्हणून प्राचीन नाट्यगृहांत त्यांना मनाई आहे.