गुडघा की टाच? जखमी ताऱ्याशी पुन्हा करार करण्याआधी

१० जून २०१९, टोरांटो. एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या फायनलचा पाचवा सामना. महिनाभर पोटरीच्या दुखापतीमुळे बाहेर असलेला केविन ड्युरंट १२ मिनिटं खेळला, ११ गुण केले आणि चेंडू आपटत पुढे नेता नेता (ड्रिबल) खाली बसला. हात उजव्या पोटरीवर. तीनच दिवसांनी, सहाव्या सामन्यात, गोल्डन स्टेट वॉरियर्समधला त्याचा साथीदार क्ले थॉम्पसन उडी मारून उतरताना डाव्या गुडघ्यावर कोसळला. त्याला आत नेत होते, पण तो अर्ध्यातून परत आला, दोन्ही फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारे मोफत फेक) टाकले आणि मगच गेला.

दोघंही त्या उन्हाळ्यात करारातून मोकळे होणार होते. बातमीही एकसारखीच: बराच काळ बाहेर. त्यामुळे चाहते दोन्ही दुखापती एकाच मापाने मोजतात, आणि तिथेच चुकतं.

क्लेचं एसीएल फाटलं होतं. हे गुडघ्याच्या आतलं लिगामेंट, मांडीचं हाड नडगीला बांधून ठेवणारं. कबड्डी पाहणाऱ्यांना ते वेगळं सांगायला नको. बहुतेकदा शरीरातूनच टेंडनचा तुकडा घेऊन नवा बंध बसवतात. नऊ ते बारा महिने जातात, पण मांडीची ताकद परत मिळवली की गुडघा पुन्हा भरवशाचा होऊ शकतो.

ड्युरंटचं तुटलं ते अकिलीस टेंडन, पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी जाड दोरी. तुटताना कुणीतरी मागून लाथ घातल्यासारखं वाटतं. उडी आणि पहिल्या पावलाचा झपाटा याच दोरीतून येतो. ती शिवता येते, पण जुळताना जराशी लांबली तरी पोटरीचा जोर कमी पडतो, आणि तो व्यायामाने पूर्ण भरून निघेलच असं नाही.

म्हणून वॉरियर्सने क्लेला पाच वर्षांसाठी सुमारे १९ कोटी डॉलर दिले ते मला योग्यच वाटतं. वय २९, खेळ मुळात लांबून बास्केटवर नेम धरण्याचा. शिवाय तो त्यांचाच खेळाडू असल्याने लीगने संघाच्या एकूण पगारावर घातलेली मर्यादा ओलांडून करार करता येत होता. तो गेला असता तर तेवढाच पैसा दुसऱ्या कुणावर खर्च करता आला नसता. पुढे नोव्हेंबर २०२०मध्ये त्याचंही उजवं अकिलीस गेलं, हे कुणालाच दिसत नव्हतं. ९४१ दिवसांनी तो मैदानात उतरला आणि जून २०२२मध्ये पुन्हा विजेता झाला.

ड्युरंट ब्रुकलिन नेट्स संघात गेला, एक मोसम बसला आणि परतल्यावर सामन्यामागे २६.९ गुण केले. पण जवळपास सात फूट उंचीचा नेमबाज बचावपटूच्या डोक्यावरून चेंडू टाकतो, त्याला उडीची गरज कमी. त्याच्याकडे पाहून बाकीच्यांचे करार ठरवू नयेत.

लॉस एंजेलिस लेकर्सचा तारा कोबी ब्रायंट याचं अकिलीस १२ एप्रिल २०१३ला तुटलं, वय ३४. त्यानेही तुटलेल्या पायावर दोन्ही फ्री थ्रो टाकले होते. ते आठवलं की आजही गळा दाटतो. लेकर्सने त्याच नोव्हेंबरात दोन वर्षांचा ४ कोटी ८५ लाख डॉलरचा करार केला, तो परतण्याच्या दोन आठवडे आधी. तो सहा सामने खेळला, गुडघ्याचं हाड मोडलं आणि मोसम संपला. पाच विजेतेपदं देणाऱ्या माणसाबद्दलची कृतज्ञता मला पूर्ण कळते. पण जुना करार २०१४च्या उन्हाळ्यापर्यंत होताच. निदान तो धावताना, उडी मारताना बघेपर्यंत तरी थांबायला हवं होतं.