बर्डीच्या छोट्या टेकडीवरची मद्रासी पलटण

नागपूरच्या बर्डीची, म्हणजे सीताबर्डीची, लढाई म्हटली की नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले आणि ईस्ट इंडिया कंपनीचा त्यांच्या दरबारातला प्रतिनिधी, रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स, ही दोनच नावं निघतात. टेकडीवर प्रत्यक्ष कोण लढलं, हे सहसा कोणी विचारत नाही. कंपनीकडे मद्रासी पायदळ आणि बंगालचं घोडदळ, भोसल्यांच्या बाजूने सगळ्यात चिवट लढले ते त्यांच्या पदरचे अरब शिपाई. इंग्रज होते, पण मुख्यतः अधिकारी म्हणून.

या मद्रासी पायदळातली 24 वी पलटण तेव्हा एक डाग घेऊन वावरत होती. तिचा मूळ क्रमांक पहिला. जुलै 1806 मध्ये वेल्लोरच्या किल्ल्यात कंपनीचे शिपाई उठले, त्यात ही पलटणही होती. नव्या धाटणीची पगडी, कपाळावरच्या गंधाला बंदी, दाढीवर निर्बंध ही तात्कालिक कारणं. उठाव त्याच दिवशी चिरडला गेला. पलटणीचा जुना क्रमांक खोडून तिला 24 वा दिला गेला. फौजेत यापेक्षा मोठी नाचक्की नाही.

26 नोव्हेंबर 1817 च्या संध्याकाळी सीताबर्डीवर गोळीबार सुरू झाला, तेव्हा तिथल्या दोन टेकड्यांपैकी छोटी याच पलटणीच्या वाट्याला आली होती. कंपनीची माणसं सगळी मिळून 1,400 च्या आसपास, समोर त्यांच्या कित्येक पट फौज. रात्रभर मारा झेलताना तिथला कॅप्टन सॅडलर पडला. 27 ला सकाळी अरबांनी टेकडी घेतली आणि तिथलीच तोफ वळवून मोठ्या टेकडीवर डागायला सुरुवात केली. इथे खेळ संपायचा. पण कॅप्टन फिट्झजेराल्डने मूठभर घोडेस्वार घेऊन मैदानात मुसंडी मारली, पाठोपाठ छोट्या टेकडीवर दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि शिपायांनी ती परत घेतली. कंपनीचे 367 जण मेले किंवा जखमी झाले.

बक्षीस म्हणून 24 व्या पलटणीने आपला जुना क्रमांक परत मागितला, आणि तो मिळाला. अकरा वर्षांपूर्वी कंपनीविरुद्ध उठलेल्या पलटणीची अब्रू भोसल्यांचं राज्य खिळखिळं करून परत आली, हा हिशेब मला तरी पचत नाही.

अरबांचं काय झालं? 16 डिसेंबरला सक्करदऱ्याकडे भोसल्यांची फौज मोडली, तरी ते नागपूर शहरातल्या महाल भागात ठाण मांडून राहिले. 24 डिसेंबरला जुम्मा दरवाजावर, म्हणजे आजच्या गांधी गेटवर, कंपनीने चढाई केली. ती त्यांनी उधळून लावली. अखेर तह होऊन, डिसेंबर सरता सरता, ते शहराबाहेर पडले.