एकट्याने पूलचा सराव : रॅक आपल्या सोयीने लावा

दुपारी एकटेच येऊन तासभर टेबल घेणारे बरेच जण आमच्या पूल हॉलमध्ये आहेत. त्यांचा तास कसा जातो ते काउंटरवरून दिसतं. ट्रायँगलमध्ये पंधरा बॉल भरून रॅक, म्हणजे सुरुवातीची मांडणी, लावायचा, पांढऱ्या बॉलने तो फोडायला जीव खाऊन ब्रेक मारायचा, दोन-तीन बॉल पॉट होतात आणि पुढचा नेमका दुसऱ्या कुणाच्या मागे दडलेला असतो. चडफडायचं, बॉल गोळा करायचे, परत रॅक. या धांदलीत शेवटचे तीन बॉल ओळीने घालून टेबल रिकामं करण्याची पाळी क्वचितच येते. सामने मात्र त्या तीन बॉलवरच हातचे जातात.

म्हणून एकटे असाल तेव्हा रॅक सोपा लावा, आणि त्यात लाजू नका. नाइन बॉल या नऊ बॉल क्रमाने खेळायच्या प्रकाराच्या अधिकृत नियमात एक नंबर सर्वांत पुढे, नऊ नंबर मधोमध आणि बाकीचे बॉल मुद्दाम न जुळवता, असं आहे. ते सामन्यासाठी. सरावात समोर कोणी नाही, फसवणार कुणाला? शिवाय कॅरम खेळलेल्यांना यात नवल नाही. राणीभोवती सोंगट्या मांडताना पांढऱ्यांचा वाय पॉकेटांच्या रोखाने फिरवून घेतोच की आपण.

आधी बॉल कमी करा

तीनच बॉल घ्या. एक पुढे, दोन आणि तीन मागे. मध्यम ताकदीने ब्रेक मारा. मग पांढरा बॉल हातात घ्या, हवा तिथे ठेवा आणि नंबरच्या क्रमाने तिन्ही घाला. चुकलात किंवा फाऊल झाला, तर तो डाव भुताचा. हो, जगभर या सरावातल्या अदृश्य प्रतिस्पर्ध्याला भूतच म्हणतात, कारण त्याला संधी मिळाली की ते चुकत नाही. आधी सात डाव कोण जिंकतं ते मोजा. भुताला सलग दोन-तीन दिवस हरवलंत की चार बॉल घ्या, मग पाच. सहाचा पुन्हा छान त्रिकोण होतो. पहिल्याच दिवशी नऊ घेऊन भुताकडून मार खाणारे पुढच्या आठवड्यात येत नाहीत, हे आम्ही धंद्याच्या काळजीनेही सांगतो आहोत.

नऊ बॉलची चौकट

पत्त्यातल्या चौकटसारखा आकार : एक, दोन, तीन, दोन, एक अशा ओळी. रॅक घट्ट असेल आणि पांढरा पुढच्या बॉलवर थेट समोरून बसला, तर मधल्या ओळीच्या दोन टोकांचे बॉल मागच्या कोपऱ्यातल्या पॉकेटांकडे धावतात. मधला नऊ सगळ्यांत कमी हलतो. म्हणजे एखादा बॉल ब्रेकवरच जावा असं वाटत असेल, तर तो या टोकांवर ठेवा. आमच्या मते तिथे दोन नंबर कधी ठेवू नये. गेला तर एकानंतर थेट तीन शोधावा लागतो, आणि तो बहुधा टेबलच्या दुसऱ्या अंगाला असतो.

दोन नंबर कुठे ठेवावा, याचं मात्र सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर नाही. ते तुमच्या ब्रेकवर आणि टेबलच्या कापडावर ठरतं. वहीत टेबलचा चौकोन काढा. दोनला एका जागी ठेवून, पांढरा त्याच ठिकाणी आणि ताकद तीच ठेवून दहा ब्रेक मारा. एक आणि दोन कुठे थांबले ते दर वेळी ठिपक्याने दाखवा. मग दोनची जागा बदलून पुन्हा दहा. ज्या जागेवरून दोघे टेबलच्या एकाच अर्ध्यात जास्त वेळा थांबतात, ती तुमची जागा. काम कंटाळवाणं आहे, पण एका दुपारचंच.

एट बॉल या पंधरा बॉलच्या प्रकारात सोय ब्रेकनंतर करून घ्या. चिकटून राहिलेली एक जोडी हाताने वीतभर लांब करायची मुभा स्वतःला द्या. काही दिवसांनी ती मुभा काढून घ्या.

फट पाहायला शिका

रचना कितीही हुशारीने केली तरी बॉलमध्ये फट असेल तर ब्रेक लंगडा बसतो. ट्रायँगल पुढे सरकवताना मागच्या ओळीला चारही बोटांनी दाबा आणि पुढचा बॉल टेबलवरच्या ठिपक्यावर आला की हात स्थिर ठेवा. ट्रायँगल उचलण्याआधी वाकून पाहा. पहिल्या बॉलमागून उजेडाची रेघ दिसली की पुन्हा लावा. बॉलवर चॉकचा डाग असेल तर पुसून घ्या. कापडावर ठिपक्याजवळ खळगा पडला असेल तर मार्करला, म्हणजे टेबलं सांभाळणाऱ्या आमच्या माणसाला, सांगा. पातळ प्लास्टिकची रॅक-शीट काउंटरवर आहे, तिच्यावर बॉल आपोआप बिलगून बसतात.

ब्रेक बॉल स्वतः ठेवा

स्ट्रेट पूलमध्ये, म्हणजे कुठलाही बॉल घालत सलग मोजायच्या प्रकारात, चौदा बॉल संपले की पंधरावा जागेवर ठेवून बाकीचे चौदा पुन्हा रॅकमध्ये लावतात. पुढची जागा रिकामी. तो पंधरावा, म्हणजे ब्रेक बॉल, घालतानाच पांढऱ्याने रॅक फोडायचा आणि मोजणी चालू ठेवायची. अमेरिकी खेळाडू विली मोस्कोनी यांनी 1954 मध्ये ओहायोतल्या स्प्रिंगफील्डमध्ये सलग 526 बॉल घातले, तेही आठ फुटी टेबलवर. जॉन श्मिट यांनी 2019 मध्ये 626 केले, जेसन शॉ यांनी 2022 मध्ये 714. शेवटच्या दोघांच्या प्रयत्नांत समोर प्रतिस्पर्धी नव्हता, आणि सुरुवातीचा ब्रेक बॉल त्यांनी हाताने मांडून घेतलेला असे. तेव्हा तुम्हीही मांडा.

रॅकच्या बाजूला, तिसऱ्या-चौथ्या ओळीच्या रेषेत, एक बॉल मावेल एवढं अंतर सोडून तो ठेवा. पांढरा अशा कोनात ठेवा की बॉल कोपऱ्यात जाताच तो रॅकच्या कुशीत घुसेल. सरळ रेषेत ठेवलात तर बॉल पडेल, पण पांढरा रॅककडे वळणारच नाही, आणि पुढचा शॉट मिळेलच असं नाही. रॅक नीट उघडला की तिथून मोजा. पहिल्या दिवशी आठ-दहा झाले तरी चांगले समजा.

मांडणीच्या खुणा पेन्सिलने कापडावर करू नका. मार्करकडून कागदाची गोल चिकटपट्टी घ्या आणि निघताना काढून टाका. रॅक-शीट मात्र ब्रेक झाल्याबरोबर उचला, पुढचा पांढरा तिच्यावरून गेला की वाट बदलतो.