सुटकेच्या दिवशी पैसे देणारे यंत्र

वर्धा मार्गावर अजनीजवळ नागपूरचे मध्यवर्ती कारागृह आहे. 1864 सालापासूनच्या या कारागृहातून एखाद्या बंद्याची सुटका होते, तेव्हा झडतीत काढून ठेवलेले त्याचे सामान परत करतात आणि त्याच्या नावावर शिल्लक असलेली रक्कम मोजून त्याच्या हाती द्यावी लागते. ही रक्कम दोन वाटांनी जमलेली असते. एक घरच्यांनी मनीऑर्डरने पाठवलेली खासगी रोकड, जिला कारागृहाच्या बोलीत ‘पीपीसी’ म्हणतात, आणि दुसरी शिक्षा भोगताना सुतारकाम, विणकाम किंवा शेतीत केलेल्या कामाची मजुरी. सक्तमजुरीची शिक्षा झालेल्यालाही न्याय्य मोबदला मिळालाच पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये गुजरातच्या प्रकरणात दिला होता. त्यामुळे सुटकेच्या वेळी हाती पडणारे पैसे त्या माणसाच्या हक्काचे असतात, ती मदत नव्हे, हे यंत्राकडे वळण्याआधी नीट लक्षात घ्यायला हवे.

अमेरिकेत हे काम अनेक ठिकाणी एटीएमसारख्या स्वयंसेवा यंत्राकडे, म्हणजे किऑस्ककडे सोपवलेले आहे. दर्शनी भागातल्या यंत्रात नातेवाईक पैसे भरतात आणि सुटकेच्या वेळी दुसरे यंत्र शिल्लक रक्कम रोखीने किंवा कार्डावर देते. असे यंत्र नागपूरच्या कारागृहात बसवायचे झाले, तर नोटा मोजणे हा त्यातला सर्वांत सोपा भाग आहे. प्रत्येक मूल्याच्या नोटांचा डबा वेगळा असतो. रबरी चाके किंवा हवेच्या दाबावर चालणारी चोषके एकेक नोट उचलतात, संवेदक तिची जाडी मोजतो आणि दोन नोटा चिकटून आल्या तर त्या ग्राहकाकडे न जाता आतल्या नाकारपेटीत पडतात. खरी कसोटी दोन ठिकाणी लागते: समोर उभा असलेला माणूस तोच आहे का, आणि पैसे खरोखर दिले गेले हे नंतर सिद्ध करता येईल का?

ओळख पटवण्यासाठी बहुतेकदा बोटाचा ठसा घेतात. समजा, ठसा जुळवणारी प्रणाली दहा हजार तुलनांत एकदाच चुकून भलत्या माणसाला ‘हाच तो’ म्हणते. ऐकायला हे उत्तम वाटते; पण बंद्याने केवळ बोट ठेवायचे आणि यंत्राने दोन हजार जणांच्या ठशांतून त्याला शोधायचे ठरवले, तर एका शोधात दोन हजार तुलना होतात आणि कोणा परक्याशी ठसा जुळण्याची शक्यता सुमारे 18 टक्क्यांवर जाते. म्हणून यंत्राने आधी बंदी क्रमांक विचारावा आणि मग फक्त त्या एकाच माणसाच्या ठशाशी तुलना करावी. तेच यंत्र, तोच संवेदक, पण या एका पायरीने चुकीची शक्यता पुन्हा दहा हजारात एकवर येते.

नागपुरात याच्या उलट अडचण जास्त मोठी आहे. एका रेशन दुकानात मे महिन्यात मी पाहिले, कापूस वेचून बोटे घासलेल्या एका आजींचा अंगठा यंत्र काही केल्या घेत नव्हते. शेवटी दुकानदाराने ओला रुमाल पुढे केला, त्यांनी अंगठा त्यावर दाबला आणि तिसऱ्या प्रयत्नात हिरवा दिवा लागला. यामागचे कारण साधे आहे. प्रकाशावर चालणाऱ्या संवेदकात काचेला टेकलेल्या त्वचेच्या रेषांमुळे प्रकाशाचे पूर्ण परावर्तन मोडते आणि त्या रेषा काळ्या दिसतात. कोरड्या त्वचेचा काचेशी नीट संपर्क होत नाही, मध्ये हवा राहते आणि सलग रेष तुटक उमटते. पंचेचाळीस अंशांच्या कोरड्या उन्हाळ्यात, करवत नाहीतर माग चालवलेल्या हातांच्या बाबतीत हे वारंवार घडणार. तेव्हा बुबुळाचा पर्याय आणि तोही फसला तर अधिकाऱ्याच्या साक्षीने पैसे देण्याची सोय पहिल्या दिवसापासून हवी. यंत्राने नाकारले म्हणून हक्काची रक्कम अडकून राहणे मला कोणत्याही परिस्थितीत मान्य होण्यासारखे वाटत नाही.

दुसरी कसोटी हिशेबाची. यंत्राने खात्यातून रक्कम वजा केली आणि नोटा बाहेर येण्याआधी वीज गेली, तर काय? यासाठी प्रत्येक व्यवहार टप्प्याटप्प्याने लिहिला जातो. आधी ‘इतके देणार आहे’ अशी नोंद कायमस्वरूपी साठवायची, मग नोटा सोडायच्या आणि त्या उचलल्या गेल्याचे संवेदकाने कळवले की ‘दिले’ अशी नोंद करायची. वीज परत आल्यावर पहिली नोंद आहे पण शेवटची नाही असे दिसले, तर यंत्र स्वतः अंदाज न बांधता तो व्यवहार अडवून ठेवते आणि डब्यातल्या नोटा माणसांकडून मोजवून घेते.

नोंदी कोणी मागाहून बदलू नयेत म्हणून प्रत्येक नोंदीपासून गणिताने एक ठरावीक लांबीचा सारांक काढतात. ‘शा-256’ या पद्धतीत तो 64 अक्षरचिन्हांचा असतो, आणि तो काढताना आधीच्या नोंदीचा सारांकही त्यात मिसळतात. मग कोणी 450 रुपयांचे 350 केले, तर त्या नोंदीपासून पुढची सगळी साखळी जुळेनाशी होते. मात्र पूर्ण वही ज्याच्या ताब्यात आहे, तो साखळी नव्याने बांधू शकतो. म्हणून रोज संध्याकाळी शेवटचा सारांक कारागृहाबाहेर, उदाहरणार्थ जिल्हा कोषागारात, नोंदवून ठेवला पाहिजे. जुन्या दिवाणजींच्या रोजकीर्दीवर दुसऱ्याची सही घेत, त्यातलाच हा प्रकार आहे.

कार्डाचा मोह मात्र टाळावा. अमेरिकेत सुटलेल्यांना त्यांचेच पैसे शुल्क कापणाऱ्या कार्डावर घ्यायला लावल्याबद्दल तिथल्या ग्राहक वित्त संरक्षण संस्थेने ऑक्टोबर 2021 मध्ये एका कंपनीला 40 लाख डॉलर ग्राहकांच्या भरपाईसाठी आणि 20 लाख डॉलर दंड म्हणून भरायला लावले. संध्याकाळी दारातून बाहेर पडलेल्या माणसाला गणेशपेठच्या बसस्थानकावर जाऊन गडचिरोलीची गाडी पकडायची असते. त्याच्या खिशात रोख असलीच पाहिजे. शिल्लक 1,237 रुपये असेल, तर वरचे सात रुपयेही नाण्यांत मिळाले पाहिजेत, ‘सुटे नाहीत’ म्हणून ते खात्यातच राहता कामा नयेत.

पावतीचेही तसेच. एटीएममधला उष्णतेने उमटणारा कागद शर्टाच्या खिशात काही महिन्यांत पुसट होतो, आणि रकमेबद्दल तक्रार करायची वेळ येते तेव्हा नेमके आकडेच वाचता येत नाहीत. त्यापेक्षा शाईच्या फितीवर ठोकून छापणारा साधा छपाईयंत्राचा प्रकार आणि त्याखाली कार्बनची प्रत बरी: एक बंद्याकडे, एक कार्यालयात. वाचता न येणाऱ्यासाठी यंत्राने एकूण जमा, कपात आणि हाती आलेली रक्कम मराठीत, हिंदीत आणि गोंडीत मोठ्याने सांगावी, आणि ती ऐकून तो ‘बरोबर’ म्हणेपर्यंत नोटांचे दार उघडू नये.