वाळल्यावर काय उरते? : गिटारच्या लाकडातील रंध्रे भरण्यामागचे विज्ञान

शिसवी किंवा महोगनीची फळी रंध्याने कितीही साफ केली आणि पॉलिश पेपरने कितीही घासली, तरी तिच्यावरचे बारीक, तुटक चरे जात नाहीत. ते हत्याराने उठवलेले ओरखडे नसतात. जिवंत झाडात ज्या नळ्यांतून पाणी मुळांकडून पानांकडे चढत होते, त्या नळ्या करवतीने उभ्या चिरल्या गेल्यामुळे उघडी पडलेली ती पन्हळी असतात. एक थर घासून काढला की त्याखालच्या नळ्या उघड्या पडतात, त्यामुळे हे काम घासून संपणारे नाही. हाताने घडवलेल्या गिटारला आरशासारखी चकाकी हवी असेल, तर ही रंध्रे पॉलिशच्या आधी भरून काढावी लागतात.

सगळ्याच लाकडांना हा त्रास नसतो. स्प्रूस आणि सीडार या सूचिपर्णी वृक्षांत पाणी वाहणाऱ्या पेशी जेमतेम २० ते ४० मायक्रोमीटर (एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंद असतात आणि खऱ्या अर्थाच्या वाहिन्या नसतातच. त्यामुळे या लाकडांपासून केलेल्या गिटारच्या पुढच्या फळीवर भरण लागत नाही. पाठ आणि बाजू मात्र बहुधा रुंदपर्णी झाडांच्या लाकडाच्या असतात. त्यांतही मॅपलच्या वाहिन्या इतक्या अरुंद असतात की पॉलिशचे पहिले काही हात त्यांना पुरतात, तर महोगनी, शिसवी आणि अक्रोड यांच्या वाहिन्यांचा व्यास १०० ते २०० मायक्रोमीटर किंवा त्याहूनही अधिक असू शकतो. ओक आणि अॅश यांच्यात वसंत ऋतूत वाढलेल्या पट्ट्यातील वाहिन्या मोठ्या आणि नंतरच्या लहान असतात, म्हणून तिथे रंध्रांचे ठळक पट्टेच दिसतात.

इथे एक साधा प्रश्न पडतो. पॉलिश द्रवरूप असते, मग ते स्वतःच खड्ड्यांत उतरून पृष्ठभाग सपाट का करत नाही? ओले असताना ते तसे करतेही, कारण पृष्ठताणामुळे द्रवाचा वरचा पापुद्रा सपाट होऊ पाहतो. अडचण वाळताना येते. लॅकरमध्ये किंवा लाखेच्या पॉलिशमध्ये बहुतांश भाग द्रावकाचा असतो आणि तो उडून जातो. सोयीसाठी असे धरू, की ओल्या थराच्या घनफळाचा पाव भागच मागे उरतो. सपाट जागेवर १०० मायक्रोमीटरचा ओला थर दिला, तर वाळल्यावर २५ मायक्रोमीटर उरेल. मात्र १५० मायक्रोमीटर खोल रंध्रावर तोच द्रव २५० मायक्रोमीटर जाड होता, त्याचे सुमारे ६२ मायक्रोमीटर उरतील. वजाबाकी केली तर असे दिसते, की रंध्रावरची खोलगट १५० वरून ११२ मायक्रोमीटरवर आली, म्हणजे फक्त पावपट भरली. पुढच्या प्रत्येक हाताला उरलेल्या खोलगटीचा पुन्हा पाव भागच भरतो, आणि आठ हात दिल्यावरही १५ मायक्रोमीटरची खोलगट शिल्लक राहते. तोपर्यंत उरलेल्या सगळ्या फळीवर २०० मायक्रोमीटरचे, म्हणजे केसाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट, कवच चढलेले असते.

हा हिशेब ढोबळ आहे, पण या साऱ्या खटाटोपाचे मर्म त्यात आहे. जिथे थर जाड, तिथे आकसणे अधिक. आणि रंध्रावर थर नेहमीच अधिक जाड असतो. भर म्हणजे लॅकरच्या जाड थरातला शेवटचा द्रावक कित्येक आठवडे, कधी महिनेही, हळूहळू निघत राहतो. त्यामुळे घासून आरशासारखी केलेली पाठ काही काळाने पुन्हा रेषाळ दिसू लागते. कारागिराने आळस केला, असे अशा वेळी म्हटले जाते. माझ्या मते त्यात आळसापेक्षा उतावळेपणाचा वाटा मोठा असतो.

दोन-तीन मायक्रोमीटरची खोलगट डोळ्याला दिसावी तरी कशी? चकाकणाऱ्या पृष्ठभागाकडे पाहताना आपण खोली पाहत नसतो, उतार पाहत असतो. २०० मायक्रोमीटर रुंद पन्हळीत २ मायक्रोमीटरचा खळगा असेल, तर त्याच्या कडांचा उतार सुमारे एक अंशाचा होतो आणि परावर्तित किरण त्याच्या दुप्पट, म्हणजे दोन अंशांनी वळतो. समोरच्या खिडकीच्या चौकटीची प्रतिमा तेवढ्याने तुटक दिसते. याच कारणाने मंद चमकीच्या पॉलिशवर न भरलेली रंध्रे फारशी खटकत नाहीत, कारण तिथे प्रकाश मुळातच विखुरलेला असतो.

तेव्हा भरण निवडताना पहिली कसोटी ही, की वाळल्यावर त्याचे किती उरते. दुसरी कसोटी प्रकाशाची. जवसाच्या तेलात किंवा वॉर्निशमध्ये गारगोटीची बारीक पूड कालवून केलेली लांबी, म्हणजे खड्डे बुजवायचा लगदा, ही जुनी पद्धत आहे, आणि तिचे कारण नेमके आहे. गारगोटीचा कण आकसत नाही, म्हणून कणांनी व्यापलेली जागा कायमची भरली जाते. शिवाय गारगोटीचा अपवर्तनांक (पदार्थात शिरताना प्रकाश किती वळतो याचे माप) सुमारे १.५५ आणि वाळलेल्या तेलाचा किंवा राळेचा १.५ च्या आसपास असल्यामुळे कण आणि माध्यम यांच्या सीमेवर प्रकाश फारसा परततच नाही. बाटलीत पांढरीशुभ्र दिसणारी पूड म्हणूनच तेलात जवळजवळ अदृश्य होते. जिथे तेल पोहोचत नाही, तिथे कणांभोवती १ अपवर्तनांकाची हवा राहते आणि पांढरा ठिपका दिसतो. गडद लाकडासाठी अशा लांबीत रंगद्रव्य घालतात. रंध्र लाकडापेक्षा किंचित गडद असलेले डोळ्याला खपते, फिकट असलेले खपत नाही.

फ्रेंच पॉलिशची रीत मला यांत सर्वांत चतुर वाटते. प्युमिस म्हणजे ज्वालामुखीतून बाहेर पडलेली फेसाळ काच. लाखेचा पातळ हात दिलेल्या फळीवर तिची चिमूटभर पूड घेऊन स्पिरिटने ओलसर केलेल्या कापडी पुरचुंडीने गोल गोल घासतात. काचेच्या धारदार कडा लाकडाचा सूक्ष्म भुगा काढतात, स्पिरिट लाख सैल करते, आणि भुगा, काच व लाख यांचा लगदा रंध्रांत दाबला जातो. रंग वेगळा जुळवावा लागत नाही, कारण तो त्याच फळीचा असतो. पूड जास्त झाली तर मात्र रंध्रे करडी-पांढरी दिसतात, आणि ते निस्तरणे फार जिकिरीचे असते.

इपॉक्सी ही दोन भाग मिसळून वापरायची कृत्रिम राळ दुसऱ्या टोकाला आहे. तिच्यात उडून जाणारा द्रावक जवळजवळ नसतो. राळ आणि हार्डनर यांची रासायनिक अभिक्रिया होऊन सारेच्या सारे घट्ट होते आणि आकुंचन थोड्या टक्क्यांतच राहते. वरच्या आकडेमोडीत पाव भागाऐवजी नव्वदहून अधिक टक्के उरतात, असे मानले की दोन हात का पुरतात ते लक्षात येते. तिची अडचण हवेची. वाहिनी पृष्ठभागाला समांतर क्वचितच असते. ती तिरपी आत शिरते आणि तिथे एक बंद बोगदा तयार होतो. फळी गरम होत असताना राळ लावली, तर बोगद्यातली हवा प्रसरण पावून बुडबुडे उठवते. फळी आधी थोडी कोमट करून ती थंड होत असताना राळ लावली, तर आकसणारी हवा राळेला आत ओढून घेते.

लांबी कोणतीही असो, ती लाकडाच्या रेषांना आडवी किंवा तिरपी दाबायची आणि वरची जादा लांबीही आडवीच खरवडून काढायची, कारण पट्टी रेषांच्या दिशेने फिरवली तर भरलेला माल पन्हळीतून उपसला जातो. शिसवीची आणखी एक खोड आहे. तिच्यातली रंगीत द्रव्ये स्पिरिटमध्ये विरघळून फिकट स्प्रूसवर आणि कडेच्या पांढऱ्या पट्टीवर पसरतात, आणि तिच्यातली काही रसायने तेलयुक्त वॉर्निशचे वाळणेही रोखून धरतात. म्हणून पुढची फळी झाकून ठेवतात आणि पाठीवर आधी लाखेचा एक पातळ हात देतात. सुकलेली लांबी घासताना तोंडावर चांगला मुखवटा हवा. गारगोटीची सूक्ष्म धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते. न सुकलेल्या इपॉक्सीमुळे त्वचेची ॲलर्जी होऊ शकते, तेव्हा हातमोजेही हवेत.

भरणामुळे वाद्य जड होऊन आवाज दबतो, अशी शंका अनेकांना असते. पाठीचे क्षेत्रफळ सुमारे १,४०० चौरस सेंटिमीटर धरू. त्यातला १५ टक्के भाग रंध्रांनी व्यापला आहे आणि त्यांची सरासरी खोली १०० मायक्रोमीटर आहे असे मानले, तर भरायची जागा जेमतेम दोन घन सेंटिमीटर होते, म्हणजे वजन तीन-चार ग्रॅम. अडीच मिलिमीटर जाडीची शिसवी पाठ स्वतः तीनशे ग्रॅमच्या आसपास असते. याउलट भरण टाळून केवळ पॉलिशच्या थरांनी सपाटी आणायची म्हटले, तर २०० मायक्रोमीटरचे कवच एकट्या पाठीवर तीस ग्रॅमच्या आसपास भरते. वजन वाढवणारा खरा मार्ग हाच.